जुन्या फोनची किल्ली



माणसाने केलेल्या बहुतेक वस्तू झिजून म्हाताऱ्या होतात. सायकलीची साखळी सैल पडते, शिवणयंत्राचे दाते बोथट होतात, छत्रीच्या काड्या एकेक करून मान टाकतात. स्मार्टफोन मात्र न झिजताच म्हातारा होतो. त्याची काच शाबूत असते, आवाज स्वच्छ असतो, घडीला त्याच्या अंगी कसलीही व्याधी नसते. आणि तरीही एके दिवशी तो सांगतो की, आपल्यासाठी आता नवी आवृत्ती उपलब्ध नाही. पुढे बँकेचे अ‍ॅप उघडेनासे होते, मग निरोपांचे, मग आणखी कशाचे. अशा वेळी घरातला कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, “बाबा, आपण हा रूट करून पाहू या.” हा ‘रूट’ शब्द कित्येकांच्या कानी प्रथम पडतो तो असा. तो कोठून आला, त्याच्याभोवती कोणते तंटे झाले आणि त्या तंट्यांतून नवशिक्या माणसाने काय घ्यावे, हे आज थोडक्यात पाहावयाचे आहे.

या कथेचा उगम फोनमध्ये नाही. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ नावाची कार्यप्रणाली रचावयास आरंभ केला. त्या काळी एक संगणक अनेकांनी मिळून वापरावयाचा असे. तेव्हा एकाने दुसऱ्याच्या कागदपत्रांत हात घालू नये, यासाठी प्रत्येकास आपापली सीमा आखून दिलेली होती. परंतु सर्वांच्या सीमा आखणारा कोणी तरी सीमेपलीकडचा असावाच लागतो. युनिक्समध्ये सर्व माहिती झाडाच्या फांद्यांप्रमाणे मांडलेली असते, आणि त्या झाडाच्या मुळाशी ज्याचे आसन, तो ‘रूट’. त्याचा क्रमांक शून्य. त्याला कोणतेही दार बंद नाही, कोणतीही आज्ञा निषिद्ध नाही. एका आज्ञेने तो सारे यंत्र सुधारू शकतो, आणि एका आज्ञेने पुसूनही टाकू शकतो.

शासकीय कचेरीत वावरलेल्या माणसास यात नवल वाटणार नाही. कोषागाराच्या तिजोरीस दोन कुलपे असतात आणि त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या व्यक्तींपाशी ठेवतात. यात कोणाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घ्यावयाची नसते. एका हाताची चूक दुसऱ्या हाताने अडावी, एवढाच हेतू असतो. युनिक्सच्या कर्त्यांनाही ही अडचण लवकरच जाणवली. सामान्य वापरकर्त्यास एखादे काम करता यावे, पण त्यापायी त्याच्या हाती सर्वाधिकार जाऊ नये, म्हणून रिची यांनी एक युक्ती काढली. अधिकार माणसास न देता विशिष्ट कामाच्या आज्ञावलीस द्यावयाचा, आणि तोही त्या कामापुरताच. या युक्तीचे पेटंट त्यांच्या नावे १९७९ साली मंजूर झाले. अधिकार वाटून द्यावा, पण मोजून द्यावा, हे तत्त्व संगणकशास्त्रात येथपासून रुजले.

पुढे १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्सच्या धर्तीवर ‘लिनक्स’चा गाभा लिहिला आणि तो सर्वांस खुला केला. गूगलने २००५ साली ‘अँड्रॉइड’ ही छोटी कंपनी विकत घेतली, आणि २००७ च्या नोव्हेंबरात त्या नावाची फोनची कार्यप्रणाली जाहीर झाली. तिच्या पोटात हाच लिनक्सचा गाभा होता. म्हणजे बेल प्रयोगशाळेतला तो शून्य क्रमांकाचा सर्वाधिकारी प्रत्येक अँड्रॉइड फोनबरोबर आपल्या खिशात येऊन बसला.

मात्र येताना एक मोठा बदल झाला. युनिक्समध्ये ‘वापरकर्ता’ म्हणजे हाडामांसाचा माणूस होता. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप हाच एक स्वतंत्र वापरकर्ता धरला गेला. प्रत्येकाची खोली निराळी, एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकावावयाचे नाही. ही योजना अत्यंत शहाणपणाची होती, आणि लक्षावधी सामान्य लोक आज निर्धास्तपणे फोन वापरतात त्यात तिचा वाटा मोठा आहे. पण या व्यवस्थेत, ज्याने पैसे मोजून फोन घेतला त्या मालकास मुळापाशी जागा ठेवलेलीच नव्हती. मुळाची किल्ली उत्पादकाकडे राहिली. मालक आपल्याच घरात भाडेकरूसारखा वावरू लागला. रूट करणे म्हणजे ती किल्ली मालकाने आपल्या हाती घेणे. याहून अधिक गूढ असे त्यात काही नाही.

अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन अमेरिकेत २००८ च्या ऑक्टोबरात विक्रीस आला. एचटीसी कंपनीचा हा ‘ड्रीम’, तिकडे ‘जी-वन’ या नावाने ओळखला गेला. पडदा बाजूस सरकवला की खाली टंकनाचा पट्टा दिसे. त्याची कार्यस्मृती अवघी १९२ मेगाबाइट होती. बाजारात येऊन महिनाही झाला नाही तोच त्यात एक विलक्षण दोष सापडला. एका गृहस्थाने संभाषणाच्या ओघात ‘रीबूट’ हा शब्द टंकित केला, आणि फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू झाला! शोध घेता असे आढळले की, पट्ट्यावर जे जे टंकावे ते ते पडद्याआड रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या एका आज्ञाग्राहकाकडेही जात होते. निरोप म्हणून लिहिलेला शब्द हुकूम म्हणून पाळला जात होता. जाणत्या लोकांनी या वाटेने आत शिरून फोनचा सर्वाधिकार मिळवला, आणि अँड्रॉइड फोन रूट करण्याच्या इतिहासास येथे प्रारंभ झाला.

गूगलने सुधारित आवृत्ती पाठवून तो दोष तत्काळ बुजवला. हे योग्यच झाले. असला दोष उघडा ठेवणे म्हणजे सर्वांच्याच घराचे दार सताड उघडे ठेवणे होते. पण त्याबरोबर मालकाच्या हाती अवचित आलेली किल्लीही गेली. तेव्हा ज्यांना ती हवी होती ते लोक मुद्दाम जुन्याच आवृत्तीवर राहिले, किंवा नवीवरून उलट पावली जुनीवर आले. फोन अद्ययावत असणे आणि तो आपल्या ताब्यात असणे, या दोन गोष्टींत असे वैर उत्पन्न झाले.

काळाने हे वैर फार मौजेने उलटवले. ड्रीमची अंतर्गत साठवण तोकडी होती आणि अमेरिकेत त्यास अधिकृतपणे १.६ च्या पुढची आवृत्ती मिळाली नाही. दरम्यान २००९ साली स्टीव्ह कोंडिक या अमेरिकन प्रोग्रामरने अँड्रॉइडच्या खुल्या संहितेवरून आपली स्वतंत्र आवृत्ती बांधण्यास आरंभ केला होता. तिचे नाव ‘सायनोजेनमॉड’. पाहता पाहता तिच्याभोवती हौशी कसबी माणसांचा मेळा जमला. उत्पादकाने ज्या ड्रीमला १.६ वर सोडून दिले होते, त्याच्यावर या मंडळींनी २०१० साली २.२ ही आवृत्ती चालवून दाखवली. ज्या नव्या आवृत्तीने मालकाच्या हातून किल्ली काढून घेतली होती, तीच किल्ली पुन्हा मिळवून मालकाने आता पुढच्या आवृत्त्या आपल्या जुन्या फोनमध्ये आणल्या.

हे सारे निर्वेध घडले असे मात्र नाही. २००९ च्या सप्टेंबरात गूगलने कोंडिक यांस कायदेशीर नोटीस धाडली. अँड्रॉइडची संहिता खुली होती हे खरे. पण जीमेल, नकाशे, यूट्यूब आणि अ‍ॅप्सचे दुकान ही गूगलची स्वतःची मालमत्ता होती, आणि सायनोजेनमॉड ती आपल्याबरोबर वाटत होते. अखेर तडजोड निघाली: मूळ फोनबरोबर आलेली ती अ‍ॅप्स मालकाने स्वतःच जपून ठेवावी आणि नव्या आवृत्तीत परत बसवावी, वाटणाऱ्याने ती वाटू नयेत. आजही अशा स्वतंत्र आवृत्तीबरोबर गूगलची अ‍ॅप्स येत नाहीत, ती निराळी बसवावी लागतात. नवशिक्या माणूस या ठिकाणी हमखास गोंधळतो. त्या गोंधळाचे मूळ या जुन्या तंट्यात आहे.

दुसरा प्रश्न कायद्याचा होता. १९९८ च्या अमेरिकन कायद्याने सॉफ्टवेअरवरील कुलूप तोडणे निषिद्ध केले होते. मग स्वतःच्या फोनचे कुलूप उघडणारा मालक गुन्हेगार ठरतो काय? २०१० च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या प्रमुखांनी या कायद्यातील सवलतींचा निर्णय दिला. कायदेशीररीत्या मिळवलेली सॉफ्टवेअर चालवता यावीत म्हणून मालकाने आपला फोन खुला केला, तर तो या कायद्याचा भंग नव्हे, असे त्यात ठरले. फोनच्या किल्लीचा निवाडा एका ग्रंथपालाच्या सहीने व्हावा, हा योग चमत्कारिक खरा; परंतु प्रताधिकाराचे खाते तिकडे ग्रंथालयाच्याच अखत्यारीत येते.

या इतिहासाशी आपल्या भाषेचाही एक धागा जुळलेला आहे. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीचे टंक नव्हते. मराठी निरोप आला की अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग उभी राही. टंकांची पेटी ठेवलेली असे ती मुळाच्या ताब्यातील कप्प्यात. तेथे सामान्य मालकाचा हात पोहोचत नसे. तेव्हा ज्यांनी फोन रूट केला होता ते तेथील एक पेटी बदलून देवनागरीची बसवीत. तरीही जोडाक्षरे पुष्कळदा फुटत आणि ऱ्हस्व इकार भलत्याच अक्षराच्या पाठीशी जाऊन बसे. पण चौकटींपेक्षा ती फुटकी अक्षरेही बरी वाटत. २०११ अखेरीस आलेल्या ४.० पासून ही सोय मूळ प्रणालीतच होऊ लागली आणि या खटाटोपाची गरज संपली. आपल्या फोनवर आपली मातृभाषा वाचता यावी, एवढ्या साध्या इच्छेपायी किती तरी लोक रूटच्या वाटेला गेले, हे विसरता येणार नाही.

येथवर किल्लीचे गुण गायिले. तिचे अवगुणही तितकेच खरे आहेत. २००९ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियात एक संगणकीय किडा पसरला. तो केवळ मालकांनी खुल्या केलेल्या आयफोनांत शिरे. दूरवरून आत येण्याची सोय या मालकांनी बसवून घेतली होती, पण सर्व फोनांना सारखाच असलेला मूळचा सांकेतिक शब्द बदलला नव्हता. या किड्याने पडद्यावर एका गायकाचे चित्र लावण्यापलीकडे फारसे काही केले नाही. पण त्याच वाटेने त्याच महिन्यात निघालेल्या दुसऱ्या किड्याने नेदरलँड्समधील एका बँकेच्या ग्राहकांवर डोळा ठेवला होता. पुढे २०११ च्या मार्चमध्ये अँड्रॉइडच्या अधिकृत दुकानातच पन्नासांहून अधिक लबाड अ‍ॅप्स आढळली. हौशी लोक फोन रूट करण्यासाठी जे दोष वापरीत, तेच दोष वापरून ही अ‍ॅप्स मालकाच्या नकळत फोन आपल्या ताब्यात घेत. भिंतीचे भगदाड मालकास ओळखत नाही, आणि चोरासही ओळखत नाही.

तथापि भगदाड बुजवणाराच निघून गेला तर काय, हा प्रश्न २०१५ च्या जुलैमध्ये उभा राहिला. चित्रफिती हाताळणाऱ्या अँड्रॉइडच्या एका भागात ‘स्टेजफ्राइट’ या नावाने गाजलेले दोष सापडले. नुसत्या एका निरोपातूनही फोन परक्याच्या हाती जाण्याचा संभव होता. गूगलने तेव्हापासून दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाडला. परंतु दुरुस्ती प्रसिद्ध होणे निराळे आणि ती आपल्या फोनपर्यंत पोहोचणे निराळे. मध्ये चिपचा कारखानदार, फोनचा उत्पादक, कित्येक देशांत दूरध्वनी कंपनी, असे टप्पे असतात, आणि फोन जुना झाला की या साखळीतील कोणासच त्याची आठवण राहत नाही. २०१७ च्या ८.० आवृत्तीत गूगलने प्रणालीचा सामान्य भाग आणि यंत्राशी निगडित भाग यांच्यात स्पष्ट सीमा आखली, ती ही वाट सुकर व्हावी म्हणून.

दरम्यान सायनोजेनमॉडचे काय झाले? हौशी मंडळींच्या मेळ्यातून २०१३ साली कंपनी निघाली. तिच्या प्रणालीवरून आपल्या देशात एक खटलाही झाला. भारतात ही प्रणाली देण्याचा अनन्य हक्क आपणास मिळाला आहे, असे मायक्रोमॅक्सचे म्हणणे होते. तर वनप्लस तीच प्रणाली असलेला फोन येथे विकू लागली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ च्या डिसेंबरात वनप्लसच्या त्या फोनच्या विक्रीवर बंदी घातली, आणि त्याच महिन्यात खंडपीठाने ती उठवली. जी वस्तू सर्वांची म्हणून जन्मास आली, तिच्या अनन्य हक्कासाठी दोन व्यापारी न्यायालयाच्या पायऱ्या चढले! २०१६ च्या अखेरीस त्या कंपनीने सायनोजेनमॉडचे काम बंद केले. परंतु संहिता खुली होती. ज्यांनी ती लिहिण्यास हातभार लावला होता त्यांनी ती उचलली, तिला ‘लिनिएज’ हे नवे नाव दिले आणि काम पुढे चालू ठेवले. कंपनी बुडाली तरी वारसा बुडाला नाही, तो या खुलेपणामुळे.

आता ज्याच्या हाती जुना फोन आहे आणि मनात ही इच्छा आहे, अशा नवशिक्यासाठी या इतिहासातून निघणाऱ्या चार व्यावहारिक गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, रूट करणे आणि नवी आवृत्ती बसवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. दोन्हींसाठी सामान्यतः आधी बूटलोडर खुला करावा लागतो. फोन सुरू होताना प्रथम जागी होणारी ही आज्ञावली, म्हणजे देवडीवरचा पहारेकरी. कोणास आत सोडावयाचे ते ती ठरवते. तिने परवानगी दिली की लिनिएजसारखी आवृत्ती बसवता येते, आणि त्यासाठी रूटची गरज नसते. ती आवृत्ती रूटवाचूनच येते. केवळ फोनचे आयुष्य वाढवावयाचे असेल, तर मुळाच्या किल्लीस हात न लावणे उत्तम. रूट खरोखरच हवे असेल, तर जॉन वू यांनी २०१६ साली रचलेले ‘मॅजिस्क’ हे साधन प्रणालीच्या मूळ भागात फेरफार न करता तो अधिकार देते आणि कोणत्या अ‍ॅपला तो मिळावा हे मालकास विचारते. रिची यांचे तत्त्व येथेही जागे आहे.

दुसरी गोष्ट, बूटलोडर खुला करताना फोनमधील सर्व मजकूर पुसला जातो. हा दोष नव्हे, हेतू आहे. चोरलेल्या फोनमधले खाजगी कागद चोरास वाचता येऊ नयेत म्हणून ही योजना आहे. तेव्हा छायाचित्रे, क्रमांक, निरोप यांची प्रत आधी अन्यत्र ठेवावी. तिसरी गोष्ट, पेटीवरच्या नावावर विसंबू नये. एकाच नावाचे फोन निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या अंतरंगाचे निघतात. सेटिंग्जमध्ये दिलेला नेमका मॉडेल क्रमांक पाहावा आणि त्याच मॉडेलसाठी बांधलेली आवृत्ती घ्यावी. चुकीची आवृत्ती बसली, किंवा ऐन कामात बॅटरी संपली, तर फोनची वीट होते. ती हाती धरता येते, पण बोलत नाही.

चौथी गोष्ट किमतीची. काही सॅमसंग फोनांत २०१३ पासून विजेच्या फ्यूजसारखी एक सूक्ष्म खूण असते. परकी प्रणाली बसवली की ती जळते आणि पुन्हा कधीही पूर्ववत होत नाही. शिवाय बँकांची व पैसे देण्याघेण्याची कित्येक अ‍ॅप्स फोनची शहानिशा करतात आणि तो खुला आढळला की काम करण्यास नकार देतात. ज्या फोनवरून घरखर्चाचे व्यवहार चालतात तो या प्रयोगास घेऊ नये. कपाटात पडून असलेला जुना फोन मात्र पुस्तके वाचावयास, गाणी ऐकावयास, नातवंडांशी बोलावयास नव्याने कामी येऊ शकतो.

शेवटी प्रश्न उरतो तो न्यायाचा. उत्पादक म्हणतो, किल्ली माझ्याकडे असावी, कारण सुरक्षेचे दायित्व माझे आहे. हा युक्तिवाद खोटा नाही. त्या ऑस्ट्रेलियन किड्याने दाखवून दिले की किल्ली घेणाऱ्यास तिची जबाबदारीही घ्यावी लागते. पण हाच न्याय उत्पादकासही लागू आहे. ज्या दिवशी तो नव्या आवृत्त्या व दुरुस्त्या देणे थांबवतो, त्या दिवशी त्याने दायित्व खाली ठेवलेले असते. मग किल्ली तेवढी कमरेला का? शासनव्यवहारात ज्याचा कार्यभार संपतो तो शिक्के आणि किल्ल्या आपल्या पाठीमागून येणाऱ्याच्या स्वाधीन करून जातो. कार्यभार सोडून किल्ल्या घरी नेणे कोणत्याच कचेरीत चालत नाही.

दायित्वाची ही मुदत आता कायद्याच्या कक्षेत येऊ लागली आहे. इटलीच्या स्पर्धा-नियामकाने २०१८ साली अ‍ॅपल व सॅमसंग या दोन्ही कंपन्यांना दंड केला. नव्या आवृत्त्यांनी जुने फोन मंदावले, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तीत मोबाइल फोनचा समावेश होता. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला की, एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे त्याच्या कार्यप्रणालीच्या सुधारित आवृत्त्या उपलब्ध राहाव्यात. मुदत ठरली, हे चांगले झाले. मुदत संपल्यावर किल्ली कोणाच्या हाती द्यावयाची, हा अर्धा प्रश्न अजून शिल्लक आहे. पहिल्या ड्रीम फोनच्या मालकांनी तो आपल्यापुरता सोडवला; पण त्यांना ती किल्ली भिंतीच्या भगदाडातून मिळवावी लागली. पुढच्या मालकांस ती रीतसर, हातोहात मिळावी, इतकीच अपेक्षा.